कागदी पट्टी आणि मंत्रालयांच्या भिंती

लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधन कोणत्याही एका विद्याशाखेच्या आवाक्यातले नाही. ते अनेकांनी मिळून कसे करावे, याचा धडा आपल्याच शेती संशोधनाने १९५७ पासून घालून दिला आहे. जबलपूरसारख्या शहराला आज त्याच धड्याची गरज आहे.

सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचे निदान करणारे ‘गझेल’ नावाचे एक छोटे उपकरण आहे. तपासली जाणारी व्यक्ती निरोगी आहे, विकाराची वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे ते रक्ताच्या थेंबावरून काही मिनिटांत सांगते. त्याच्या पोटात सेल्युलोज ॲसिटेटची, कागदासारखी पातळ पट्टी असते. या पट्टीमागचे विज्ञान अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात विकसित झाले. उपकरण तयार केले ते ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंडच्या ‘हेमेक्स हेल्थ’ या कंपनीने. भारतीय रुग्णांच्या बाबतीत ते कितपत अचूक ठरते, याची तपासणी मात्र जबलपूरच्या राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने केली आणि तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, ही संस्था शहराच्या एका टोकाला, नागपूर रस्त्यावर गढा भागात आहे. दुसऱ्या टोकाला, डुमना विमानतळाच्या रस्त्यावर, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची आयआयआयटीडीएम ही संस्था आहे. ती २००५ मध्ये जपानच्या सहकार्याने सुरू झाली आणि २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. माहिती तंत्रज्ञानाबरोबरच ‘अभिकल्पन’ आणि ‘निर्मिती’ हे दोन शब्द तिच्या अधिकृत नावातच आहेत. क्लीव्हलँडची पट्टी जबलपुरात तपासली जाते यात कमीपणा काही नाही; विज्ञान असेच देशोदेशी फिरत असते. प्रश्न वेगळा आहे. ज्या शहरात रोगाचे अभ्यासक आहेत आणि उपकरणांचे अभियंतेही आहेत, तिथे या दोघांची गाठ घालून देणे हे कोणाचे काम आहे? सरकारी कामकाजात उभे आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे उत्तर ठाऊक असते. ते कोणाचेच काम नाही. सहकार्य ही आपण सदिच्छेची बाब मानतो, प्रशासनाची मानत नाही.

शाईने छापलेले विद्युत मंडल

ज्या तंत्रज्ञानाविषयी मी लिहीत आहे, ते वाचकाला वाटते तितके दूरचे नाही. मधुमेही माणूस बोटाला सुई टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतो, ती पट्टी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फितीवर वीजवाहक शाईने छापलेला सेन्सर, अर्थात संवेदक. कापडावर किंवा लग्नपत्रिकेवर नक्षी उमटवणारे स्क्रीन प्रिंटिंगचे तंत्र तेच. फरक इतकाच की इथे शाईत कार्बन असतो आणि त्यावर ग्लुकोजशी अभिक्रिया करणाऱ्या विकराचा थर दिलेला असतो. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅगही याच कुळातला. पातळ फितीवरची धातूची अँटेना आणि तिला जोडलेली नखाहून लहान चिप; तिला बॅटरी लागत नाही, टोलनाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओलहरींतूनच ती आपल्यापुरती ऊर्जा घेते.

सिलिकॉनवर उभे राहिलेले इलेक्ट्रॉनिक्स कठीण, ठिसूळ आणि अतिशय उच्च तापमानात घडवावे लागणारे असते. लवचीक इलेक्ट्रॉनिक्स प्लास्टिकवर, कागदावर, कापडावर, प्रसंगी त्वचेवर बसते. त्याची मुहूर्तमेढ १९७७ मध्ये रोवली गेली आणि तो इतिहास सहकार्याच्या दृष्टीने मुद्दाम आठवण्याजोगा आहे. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका प्रयोगात चुकून उत्प्रेरक हजारपट अधिक पडला आणि पॉलिॲसिटिलीनची चंदेरी फीत तयार झाली. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅकडायर्मिड यांना तिची माहिती जपानच्या भेटीत मिळाली. त्यांनी शिराकावांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावून घेतले. तिथे ॲलन हीगर या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने आयोडिनचा संस्कार केलेल्या त्या फितीची वाहकता मोजली, तेव्हा ती एक कोटी पटींनी वाढलेली आढळली. वीज वाहून नेणारे प्लास्टिक अस्तित्वात आले. तिघांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फीत बनवणाऱ्याजवळ मोजण्याचे कसब नव्हते आणि मोजणाऱ्याजवळ फीत नव्हती. या क्षेत्राचा जन्मच दोन विद्याशाखांच्या सांध्यावर झाला.

आजही परिस्थिती तीच आहे. घामातील क्षार मोजणारी एखादी चिकटपट्टी घ्या. शाई रसायनशास्त्रज्ञ बनवतो. ती फितीवर टिकेल का, वाकवल्यावर तिला सूक्ष्म भेगा पडून रोध वाढेल का, हे पदार्थविज्ञानाचा अभ्यासक सांगतो. क्षीण विद्युतसंकेत गोंगाटातून वेगळा काढणे इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्याचे काम. विकराचा थर पावसाळी दमटपणात किती दिवस जिवंत राहील, हे जैवरसायनशास्त्रज्ञाने पाहायचे. आणि हाती आलेल्या आकड्यावर रुग्णाचे औषध बदलायचे की नाही, हे डॉक्टरवाचून कोणीही सांगू शकत नाही. या साखळीतील एक कडी नसली तर उरते ती वस्तू प्रदर्शनात शोभते, दवाखान्यात चालत नाही.

जबलपूरची शिल्लक

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला जबलपूर हे शहर नेहमीच कुतूहलाचे वाटत आले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून ते इंग्रजांकडे गेले, पुढे मध्य प्रांतात नागपूरबरोबर नांदले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भोपाळला राजधानी गेल्यावर उच्च न्यायालयाचे शहर झाले. परंतु त्याची खरी ओळख कारखान्यांची आणि संस्थांची. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा. खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र ही दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये आली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जुलै १९४७ मध्ये, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. देशात दूरसंचार अभियांत्रिकीचे शिक्षण प्रथम देणाऱ्या संस्थांमध्ये त्याची गणना होते. नागपूरला विश्वेश्वरय्यांच्या नावाचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते त्यानंतर तेरा वर्षांनी. पुढे १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, १९८४ मध्ये आदिवासी आरोग्याचे केंद्र, १९८९ मध्ये तण संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र, शिवाय उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आणि २००९ मध्ये पशुवैद्यक विद्यापीठ, अशी भर पडत गेली.

आता ही यादी प्रशासकाच्या नजरेने वाचा. आरोग्याची संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छत्राखाली. तण संशोधन भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे. वन संशोधन पर्यावरण मंत्रालयाकडे. आयआयआयटीडीएम शिक्षण मंत्रालयाकडे. कारखाने २०२१ पासून संरक्षण खात्याच्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दोन्ही विद्यापीठे राज्य शासनाकडे, तीही वेगवेगळ्या विभागांकडे. प्रत्येक संस्थेतून वर जाणारा रस्ता रुंद आणि वहिवाटीचा आहे: प्रस्ताव दिल्लीला किंवा भोपाळला जातो, अनुदान तिथून येते, उपयोगिता प्रमाणपत्र परत तिथेच जाते. शहरातल्या शहरात एका संस्थेतून दुसरीकडे जाणारी पायवाट मात्र व्यक्तिगत ओळखीवर तगते. अधिकारी बदलला, प्राध्यापक निवृत्त झाला की तिच्यावर गवत उगवते.

संगणकावरचे संवेदक

याचा परिणाम संशोधनाच्या स्वरूपावरही होतो. जबलपूरच्या आयआयआयटीडीएममधून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सवर, विशेषतः ‘टनेल ट्रान्झिस्टर’ या प्रकारावर आणि त्यापासून होऊ शकणाऱ्या जैवसंवेदकांवर, गेल्या दशकभरात अनेक शोधनिबंध आले. त्यांतील बरेचसे काम संगणकीय प्रतिरूपांवर आधारलेले आहे. म्हणजे ट्रान्झिस्टर कसा वागेल, त्याच्या पोकळीत एखादा जैवरेणू अडकला तर विद्युतप्रवाह कसा बदलेल, याचे गणित संगणकावर मांडले जाते. या कामाला मोल आहे. देशातील अनेक संस्था हेच करतात, कारण क्लीनरूम उभारायला आणि चालवायला येणारा कोट्यवधींचा खर्च प्रत्येकीला परवडणारा नाही, परवडण्याची गरजही नाही. पण संगणकावरच्या रक्ताला ताप येत नाही, ते गोठत नाही आणि त्यात दुसऱ्या आजाराची भेसळही नसते. गणिताकडून वस्तूकडे आणि वस्तूकडून रुग्णाकडे जाण्यासाठी दुसऱ्यांच्या दारात जावेच लागते.

ही दारे अजिबात बंद आहेत असे नाही. आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभारली, आणि इतर संस्थांच्या संशोधकांना तिथली यंत्रे वापरता यावीत यासाठी २००८ पासून केंद्र सरकारने एक वापरकर्ता कार्यक्रम चालवला. गेल्या दोन दशकांतील विज्ञानविषयक योजनांमध्ये मी तिला वरचे स्थान देईन. आयआयटी कानपूरमध्ये २०१४ मध्ये लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र झाले. पुण्यात पाषाणला ‘सी-मेट’ ही प्रयोगशाळा इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवर १९९० पासून काम करते आहे. देशभरातील वैज्ञानिक यंत्रे कुठे आहेत आणि ती कशी वापरायला मिळतील, हे सांगणारे ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले.

मात्र या सर्व योजना यंत्र उपलब्ध करून देतात, प्रश्न उपलब्ध करून देत नाहीत. संशोधक मुंबईला जाऊन संवेदक घडवून आणील. तो मंडला किंवा दिंडोरीच्या आरोग्य केंद्रात कशासाठी हवा, हे त्याला मुंबईत कळणार नाही. ते जबलपूरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे.

दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा

हा आग्रह प्रादेशिक अभिमानापोटी नाही. संवेदक ही वस्तू ज्या शरीरांवर आणि ज्या हवामानात पारखली जाते, त्यांच्या मापाची बनते. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरचेच उदाहरण पाहा. अमेरिकेतील एका अभ्यासात डिसेंबर २०२० मध्ये असे दिसून आले, की रक्तातील ऑक्सिजन धोकादायक पातळीवर घसरला असूनही ऑक्सिमीटर तो पुरेसा दाखवत राहण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे तिप्पट होते. त्वचेच्या रंगाचा प्रकाशाच्या मोजमापावर परिणाम होतो, हे उघड सत्य कोट्यवधी उपकरणे विकली गेल्यानंतर चर्चेला आले. सावळ्या वर्णाच्या देशाने यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे.

सिकल सेलच्या बाबतीत तर जे पणाला लागले आहे ते फार मोठे आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्याने हा विकार होतो. या बदलामुळे रेणूवरचा विद्युतभार बदलतो आणि विद्युतक्षेत्रात निरोगी व सदोष हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हे दाखवून दिले. कागदी पट्टीवर आज होते ते त्याच तत्त्वाचे सुटसुटीत रूप. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ ची. विदर्भ, नंदुरबार, महाकोशल, छत्तीसगड हा त्याचा मोठा पट्टा. जुलै २०२३ मध्ये शहडोल येथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेचा आरंभ केला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी हा आरंभ झाला. रुग्ण ठरलेल्या मुलाला पुढे आयुष्यभर वेदनांचे झटके, जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे यांपासून जपावे लागते. गावात डॉक्टर नसताना धोक्याची पूर्वसूचना देणारी, स्वस्त आणि अंगावर वापरता येणारी साधने इथे खरोखर लागतील. ती जिथे रुग्ण आहेत तिथल्या अभियंत्यांनी घडवायची, की आपण पुन्हा केवळ परीक्षण केंद्र म्हणून उरायचे?

मक्याने घालून दिलेला धडा

इथे आपल्याच इतिहासातले एक पान उघडावेसे वाटते. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला ‘जेएस-३३५’ हे सोयाबीनचे वाण सांगावे लागत नाही. त्यातील ‘जे’ म्हणजे जवाहर. हे वाण जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचे, १९९४ मध्ये प्रसारित झालेले. एका राज्याच्या विद्यापीठाचे वाण राज्यांच्या सीमा ओलांडून लाखो हेक्टरांवर गेले, त्यामागे एक व्यवस्था होती. तिचे नाव अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प. पहिला प्रकल्प १९५७ मध्ये मक्यासाठी सुरू झाला. सोयाबीनचा १९६७ मध्ये.

या व्यवस्थेची रचना साधी होती आणि म्हणूनच ती टिकली. पीक एक, केंद्रे अनेक. सर्वांसाठी प्रयोगाची पद्धत एकच, नोंदींचा तक्ता एकच. एका केंद्राने तयार केलेले बियाणे दुसऱ्या केंद्राच्या मातीत पेरून पाहायचे, मग ते कोणाचेही असो. वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र बसून आकडे समोर ठेवायचे. एक समन्वयक, ज्याचे कामच समन्वयाचे. आणि राज्यांच्या विद्यापीठांना ७५ टक्के पैसा केंद्रीय परिषदेचा, २५ टक्के राज्याचा. त्यामुळे दोघांचाही जीव त्यात अडकलेला. शास्त्रज्ञांमध्ये हेवेदावे नव्हते असे कोण म्हणेल? पण ते असूनही काम चालत असे, कारण सहकार्य मनाच्या मोठेपणावर सोडलेले नव्हते. ते नियमात आणि अंदाजपत्रकात लिहिलेले होते.

छापील आणि लवचीक संवेदकांसाठी असाच एक समन्वित प्रकल्प का असू नये? कानपूरने फीत आणि छपाई पाहावी, पुण्याने शाई, मुंबईने चिप. जबलपूरने प्रश्न ठरवावा आणि क्षेत्रीय कसोटी घ्यावी: आरोग्य संस्थेने रक्ताची, कृषी विद्यापीठाने जमिनीच्या ओलाव्याची, पशुवैद्यकांनी जनावरांच्या तापाची. आयआयआयटीडीएम आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने या दोन्ही बाजूंना सांधणारी विद्युत मंडले घडवावीत. प्रत्येक संवेदक किमान तीन ठिकाणी, तीन ऋतूंत, एकाच पद्धतीने तपासला जावा आणि फसलेल्या चाचण्याही नोंदवल्या जाव्यात. वाण नापास झाले की शेती शास्त्रज्ञ ते लपवत नाही. संवेदकाच्या बाबतीतही तीच शिस्त हवी.

कारकुनी अडथळ्यांची दखल

पैसा नाही, हे कारण पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. संशोधनावरील आपला खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के एवढाच आहे, आणि तो अपुरा आहे याविषयी दुमत नाही. तरीही २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे आणि मोठ्या संस्थेभोवती लहान संस्था जोडण्याची योजनाही त्याने आणली आहे. जुलै २०२५ मध्ये खासगी संशोधनाला चालना देण्यासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली. खरी अडचण खालच्या पायऱ्यांवर आहे.

माझ्या सेवाकाळात अशा प्रस्तावांच्या फायली मी पाहिल्या आहेत. दोन संस्थांनी मिळून घेतलेले यंत्र जडसंग्रह नोंदवहीत एकाच संस्थेच्या नावावर चढते. दुसरीला त्याच्या दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च करता येत नाही, कारण लेखापरीक्षक विचारतो, मालमत्ता कोणाची? त्याचा प्रश्न चुकीचा नसतो. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हेच त्याचे काम आहे. चूक आहे ती सामाईक मालकीचा रकाना नोंदवहीत न ठेवणाऱ्यांची. वैज्ञानिक उपकरणांवरील वस्तू व सेवा कराची पाच टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेतली गेली आणि दर १८ टक्के झाला. म्हणजे सरकार एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काही भाग परत घेते. उलट जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांना खरेदीच्या नियमांत जी मोकळीक मिळाली, तिचे स्वागत केले पाहिजे.

श्रेयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी असलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत, दोनपेक्षा अधिक लेखकांच्या शोधनिबंधासाठी प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के गुण मिळतात. पाच विद्याशाखांच्या मेळातून होणाऱ्या कामात चौघांनी दुय्यम ठरायचे, असाच याचा अर्थ. मग तरुण प्राध्यापक एकट्याने, संगणकावर, आपल्या खोलीत काम करणे पसंत करतो यात त्याला दोष कसा द्यावा? शिवाय यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पद मंजूर नसेल तर कोट्यवधींचे यंत्र प्लास्टिकच्या आच्छादनाखाली राहते. इमारतीच्या कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव येते. तंत्रज्ञाच्या पदासाठी कोणी कोनशिला बसवत नाही.

या सुधारणांना क्रांतिकारक धोरणाची गरज नाही. सामाईक मालकीचा एक नियम, तंत्रज्ञांची काही पदे, श्रेय वाटपातील एक दुरुस्ती, आणि एक समन्वयक, ज्याला दोन मंत्रालयांच्या पैशाचा हिशेब एकाच कागदावर देण्याची मुभा असेल. रुग्णांच्या नमुन्यांवरील बहुकेंद्री अभ्यासाचे नैतिक परीक्षण सामाईकपणे करण्याची वाट आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोकळी केलेलीच आहे. तिच्यावरून चालायचे तेवढे बाकी आहे.

१९५७ मध्ये देश गरीब होता, परकीय चलन अपुरे होते, प्रयोगशाळा मोजक्या होत्या. तेव्हाच्या प्रशासकांना आणि शास्त्रज्ञांना इतके उमगले होते, की मक्याचे कणीस राज्याची हद्द ओळखत नाही. सिकल सेलने वाकलेली रक्तपेशीही मंत्रालयाची हद्द ओळखत नाही. मक्यासाठी जे जमले, ते दिंडोरीच्या आणि नंदुरबारच्या मुलांसाठी जमवणे आज त्याहून अवघड नसावे.